मोबाईलचा अखंड पहारा

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, म्हणजे मला मध्येच थांबावं लागणार नाही. माणूस मोबाईलवर गेम खेळतो, त्यात काय एवढं, असं तुम्ही म्हणाल. मीही तेच म्हणत होतो! पण माझ्या एका गेमपायी आमच्या गावात मंडप उभा राहिला, डोंगरकड्याहून महाराज आले, सहा वर्षं एकमेकांचं तोंड न बघणाऱ्या दोन आळ्या एका सतरंजीवर बसल्या, आणि या सगळ्याचं श्रेय मला मिळालं. अजून आठवलं की घाम फुटतो.

मी सुधाकर. साखऱ्याहून आत चार किलोमीटरवर आमचं गाव, तिथल्या जनावरांच्या दवाखान्यात मी पट्टीबंधक आहे. पट्टीबंधक म्हणजे जनावर धरायचं, जखम धुवायची, पट्टी बांधायची आणि लाथ खायची. डॉक्टर साहेब तीन गावं सांभाळतात, ते आठवड्यातून दोनदा येतात. उरलेले दिवस गाव मलाच ‘डॉक्टर’ म्हणतं. सुरुवातीला मी म्हणायचो, ‘अहो, मी डॉक्टर नाही.’ मग सोडून दिलं. लोकांचा गैरसमज झाला की तो दूर करण्याऐवजी गप्प बसायचं, ही माझी जुनी खोड. ती लक्षात ठेवा, पुढे लागेल.

तर मला गेमचा नाद. पण वेळ कुठाय? दवाखाना उघडल्यापासून पहिलं जनावर येईपर्यंत वीस मिनिटं आणि संध्याकाळी शोभाचा स्वयंपाक होईपर्यंत पंधरा. शोभा म्हणजे माझी बायको, गावातल्या अंगणवाडीची सेविका. तर ही एवढी पस्तीस मिनिटं माझी. बाकीचा दिवस म्हशींचा.

मी काय जगावेगळं मागत होतो? फक्त माझ्या पस्तीस मिनिटांची कदर करील असा एक गेम! पहिला गेम घेतला तो गाड्यांच्या शर्यतीचा. शर्यत तीन मिनिटांची आणि मधली जाहिरात चार मिनिटांची. दुसऱ्यात एक म्हातारा यायचा आणि राज्याचा इतिहास सांगायचा. सांगतोय, सांगतोय, तेवढ्यात बाहेरून हाक, ‘डॉक्टर, म्हशीच्या वगारीनं पायात तार घुसवून घेतली!’ परत येऊन बघतो तर म्हातारा पुन्हा पहिल्यापासून सुरू. तिसरा गेम रोज हजेरी मागायचा. एक दिवस चुकला की वीस दिवसांची कमाई पाण्यात. अहो, एवढी हजेरी तर आमचे साहेबही मागत नाहीत.

मग तो गडाचा गेम सापडला. पहिल्याच पानावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, ‘दिवसाला दहा मिनिटं पुरेत.’ मला वाटलं, देव पावला. आपला एक गड असतो. त्याला तट बांधायचा, बुरूज बांधायचे, धान्य भरायचं. दुसरे खेळणारे कधीमधी हल्ला करतात, तेव्हा आपला मोबाईल नगारा वाजवतो. नगारा वाजला की पटकन उघडायचं आणि शत्रूला हाकलायचं. सुरुवातीला दहा मिनिटं खरंच पुरली. पुढे गड वाढला, तसे शत्रू वाढले. आणि शत्रू काही माझ्या पस्तीस मिनिटांत येत नव्हते!

एकदा दगडूबा पाटलांची गाय अडली होती. साहेब वासरू ओढत होते आणि मी गाईचा दोर धरून उभा. खिशात नगारा वाजला. मी फक्त एका हाताने दोर सैल केला, फक्त एका हाताने! गाय दोन पावलं मागे आली आणि साहेब वासराला मांडीवर घेऊन शेणात बसले. वासरू धडधाकट होतं म्हणून बरं. साहेब चार दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

अशा रीतीने आठ महिन्यांत मी सतरा बुरूज उभे केले. आणि एका बुधवारी सकाळी मोबाईलवर भलंमोठं पान उघडलं. इंग्रजीत लांबच लांब मजकूर, खाली दोन बटणं. एक हिरवं, एक राखाडी, या गेमच्या प्रत्येक पानावर असतात तशीच. लांब इंग्रजी आलं की मी वाचत बसत नाही, हिरवं बटण दाबतो. आजवर हिरव्या बटणाने कधी दगा दिला नव्हता. दाबलं. मग कळलं की सोमवारी सकाळी सहापासून माझ्या गडाला सात दिवस वेढा पडणार. सात दिवस, रात्रंदिवस! दर पाच मिनिटांनी कुणीतरी नगारा वाजवायचा. चुकला की पहारेकरी झोपणार आणि गड पडणार. टिकला तर सोन्याचा दरवाजा.

तुम्हीच सांगा, आठ महिन्यांची मेहनत अशी डोळ्यांदेखत जाऊ द्यायची?

दवाखान्यासमोर गजूचं हॉटेल आहे. हॉटेल म्हणजे चहा, भजी आणि दोन बाकडी. तिथे मी माझे तीन सवंगडी गोळा केले. एक स्वतः गजू. दुसरा दत्ता, त्याचं कटिंगचं दुकान. तिसरा मिलिंद, भीमनगरातला, मोबाईल दुरुस्त करतो आणि लग्नाकार्याला लाइटिंग देतो. तिघांनाही माझा गड माहीत होता, बुरुजांसकट.

“सात दिवस एकट्या माणसाला जमत न्हाई,” मिलिंद म्हणाला. “जागेल कोण?”

आणि तिथेच माझ्या डोक्यात तो दिवा पेटला. काहून पेटला देव जाणे!

आमच्या गावात पूर्वी दर वर्षी अखंड हरिनाम सप्ताह व्हायचा. सप्ताहात सात दिवस वीणा खाली ठेवत नाहीत, हे तुम्हाला ठाऊक असेल. दोन-दोन तासांचे पहारे लावतात. पुढचा माणूस आला की वीणा त्याच्या गळ्यात, मगच आधीचा मोकळा. आमचे वडील, म्हणजे अण्णा, तीस वर्षं वीणेकरी होते. पहाऱ्यांची यादी लहानपणापासून मीच त्यांच्या सांगण्यावरून लिहीत आलो. मग काय! वीणेला जमतं, ते मोबाईलला का जमू नये?

गजूकडून वहीचा कागद घेतला आणि एकटाकी लिहून काढलं. वर ठळक अक्षरांत ‘अखंड पहारा, दिवस सात. प्रारंभ सोमवारी सकाळी सहा वाजता.’ खाली बारा पहाऱ्यांची यादी. रात्रीचे खंडूमामाला दिले, तो गोदामाचा वॉचमन, तसाही जागाच असतो. आणि त्याखाली नियम.

एक, पुढचा माणूस आल्याशिवाय हातातून खाली ठेवू नये.

दोन, हात स्वच्छ धुऊनच हातात घ्यावे.

तीन, पहाऱ्यावर असताना तंबाखू, बिडी चालणार नाही.

चार, पहाऱ्यावर असताना कोणाशीही बोलू नये.

पाच, शत्रू आला तर डगमगू नये.

सहा, चार्जिंग संपू देऊ नये.

‘मोबाईल’ हा शब्द मी मुद्दाम कुठेच लिहिला नाही. कागद शोभाच्या हाती लागला असता तर माझाच गड आधी पडला असता. आहे की नाही हुशारी?

यादीत दुपारी दोन ते चारची जागा तेवढी रिकामी राहिली. दत्ता म्हणाला, “तकलीफ करून घेऊ नका डॉक्टर, मी बघतो माणूस.” आणि या बहाद्दराने काय केलं असेल? त्या कागदाचा फोटो काढला आणि गावाच्या ग्रुपवर टाकला! खाली लिहिलं, ‘सोमवारपासून अखंड पहारा. दुपारी दोन ते चार जागा रिकामी. इच्छुकांनी सांगावे. यादी करणार : डॉक्टर सुधाकर.’

मी तेव्हा एका बोकडाच्या शिंगाला पट्टी बांधत होतो. खिशात टिंग टिंग सुरू झालं. मला वाटलं शत्रू. बघतो तर हात जोडलेल्यांची रांग! सरपंच हात जोडून, पोस्टमन हात जोडून, पुण्याला गेलेली पोरं हात जोडून. ‘धन्य डॉक्टर!’ ‘गावाला जाग आणली!’ ‘दोन ते चार आमच्याकडे, रामकृष्ण हरी!’

बोकड माझ्याकडे बघत होता आणि मी मोबाईलकडे. माझ्या हातातून कापूस कधी गळाला ते कळलंच नाही.

इथे तुम्हाला एक सांगितलं पाहिजे. गावचा सप्ताह सहा वर्षांपासून बंद होता. शेवटच्या दिवशीचा महाप्रसाद कोणी द्यायचा यावरून वरची आळी आणि खालची आळी भांडली. वरच्या आळीचे म्होरके दगडूबा पाटील, तेच ते गाईवाले. खालच्या आळीचे माणिकराव. दोघांनी एकमेकांच्या दारावरून जाणं सोडलं. अण्णांनी त्या वर्षी वीणा खोळीत घातली आणि खुंटीला लावली. तेव्हापासून ते देवळात जायचे, पण लवकर परत यायचे. कुणाशी फार बोलायचे नाहीत.

मी धावत घरी गेलो. म्हटलं, काही होवो, अण्णांना खरं सांगून टाकायचं.

ओसरीत अण्णा बसले होते. खुंटी रिकामी, खोळ बाजूला आणि मांडीवर वीणा. जुन्या धोतराच्या फडक्याने पुसत होते. पंचाहत्तरीचा माणूस, पण चेहरा असा दिसत होता की मला ओळखूच येईना.

“अण्णा, ते ग्रुपवर जे आलंय…”

“गप. काई बोलू नको.” त्यांनी डोळे पुसले. “सहा वर्सं मला वाटून राहिलं होतं, आपल्या माघारी ही वीणा भंगारात जाते. पोरगं मोबाईलात तोंड घालून बसलेलं असते, ह्याला काय देवाधर्माचं! अन् तू कोणाला न सांगता यादी करून मोकळा. बापाला बी पत्ता न्हाई लागू दिला!”

“अण्णा, मी ते…”

“अन् नियम किती बराबर! हात धुऊनच वीणा घ्यावी. तीस वर्सांत मला सुचलं न्हाई लेकरा.”

आता तुम्ही माझ्या जागी असता तर काय बोलला असता? जन्मात पहिल्यांदा अण्णांनी माझं कौतुक केलं होतं. मी नुसती मान हलवली. झाली ना जुनी खोड वर!

रात्रभर ठरवलं की उद्या गावाला सांगायचं. गुरुवारी संध्याकाळी मारुतीच्या पारावर बैठक होती. मी गेलो आणि जागीच गार झालो. एकाच सतरंजीवर एका टोकाला दगडूबा पाटील, दुसऱ्या टोकाला माणिकराव. मध्ये एवढी जागा सोडलेली की बैलगाडी जावी. आणि सगळं गाव त्या मोकळ्या जागेकडे बघतंय.

दगडूबांच्या हातात माझा कागद होता. “समदं बराबर हाय,” ते म्हणाले. “पण हा पाचवा नियम. शत्रू आला तर डगमगू नये. शत्रू म्हंजे कोण, डॉक्टर? खालच्या आळीचे का?”

माणिकराव उठलेच! “काहून? आमी शत्रू व्हय? मंग आमाला बोलावलं कशाला?”

तेवढ्यात अण्णा काठी टेकत उभे राहिले. “येड्यासारकं करू नका. शत्रू म्हंजे काम, क्रोध, लोभ, मोह, मद, मत्सर. पहाऱ्यावर मन भटकते का न्हाई? त्येच्यासाठी लिवलं त्यानं. अन् आता बगा, त्यातला क्रोध आलाच की तुमच्या दोघाइत!”

सगळं गाव ‘वा!’ म्हणालं. एकाने विचारलं, “अन् अण्णा, सहावं ते चार्जिंग?”

“त्ये मला बी न्हाई कळलं,” अण्णा म्हणाले. “पण शिकलेलं लेकरू हाय. अंगातला उल्हास कमी होऊ द्यायचा न्हाई, असंच काईतरी असंल.”

म्हटलं, आता नाही तर कधीच नाही. मी छातीवर दगड ठेवला, पारावर चढलो आणि मोठ्याने म्हणालो, “मंडळी, ऐका! हा सगळा गैरसमज झालाय!”

मी पुढचं वाक्य जुळवत होतो. तेवढ्यात माणिकरावांचा आवाज आला.

“बराबर बोलला डॉक्टर. गैरसमजच झाला होता. सहा वर्सं! पाटील, माझं बी चुकलं.”

दगडूबा पाटील उठले. ती बैलगाडीएवढी जागा ओलांडून गेले आणि त्यांनी माणिकरावांना मिठी मारली. माणसं डोळ्याला पदर, उपरणं, जे हाताशी असेल ते लावू लागली. कुणीतरी माझ्या गळ्यात हार घातला. झेंडूचा ताजा हार! तो आधीच आणून ठेवला होता म्हणे.

मी उघडलेलं तोंड तसंच मिटलं. महाप्रसाद दोन्ही आळ्यांनी मिळून द्यायचा ठरलं. रोजच्या पंगती घरांनी वाटून घेतल्या, पहिल्या दिवशी रोडगे आणि वांग्याची भाजी. डोंगरकड्याच्या महाराजांना फोन लागला, तर त्यांचाही तोच आठवडा मोकळा निघाला. मला सप्ताह समितीचं अध्यक्ष केलं. एकमताने! आमच्या गावात एकमताने याआधी काय झालं होतं, ते कुणाला आठवेना.

शुक्रवारी मी गजूच्या हॉटेलात डोकं धरून बसलो. तिघे सवंगडी समोर.

“आता गडाचं काय?” मी म्हटलं.

गजू म्हणाला, “डॉक्टर, मी मंडपाच्या चहासाठी दूध सांगून बसलो. सात दिवस मला डोकं वर काढाया सवड न्हाई.”

दत्ता म्हणाला, “सप्ताहात कोणी बिनदाढीचं येते व्हय? माझ्या दुकानात आत्तापासून नंबर लागून राहिले.”

“आग तू लावली आणि शेकून पण तूच घे,” मी म्हटलं. मग मिलिंदकडे आशेने बघितलं.

“मी तर फक्त गेमचा पहारेकरी होतो,” मिलिंद हसत म्हणाला. “मला टाळ बी येत न्हाई. पण पाटील घरी आले होते, मंडपाची लाइटिंग मागाया. पहिल्यांदाच आले आमच्या दारात. मी हाव म्हणलं. तुमच्याच नावानं केलं डॉक्टर, न्हाई कसं म्हणावं?”

खंडूमामाने तर निरोप पाठवला की रात्रीचे पहारे पक्के, फक्त वीणा जरा हलकी बघा.

म्हणजे बघा. मला हवी होती मोबाईल धरणारी चार माणसं. उभं गाव पहाऱ्याला लागलं आणि मोबाईल धरायला एकही उरला नाही.

रविवारी संध्याकाळी मला राहवेना. शोभा रोडग्यांचं पीठ चाळत होती. मी तिच्यापुढे बसलो आणि सगळं सांगून टाकलं. गड, बुरूज, वेढा, कागद, चार्जिंग, सगळं. तिने चाळणी खाली ठेवली. माझ्याकडे इतका वेळ बघत राहिली की मला वाटलं ही आता कनेरगाव नाक्याला माहेरी जाणार.

“म्हंजे देवाचं काईच न्हाई त्यात?”

“न्हाई.”

“नुसता मोबाईल?”

“हाव.”

“अन् अण्णा तिकडं वीणेला नव्या तारा लावून बसलेत.” तिने हात पुढे केला. “द्या इकडं तो मोबाईल. सात दिवस माझ्यापाशी ऱ्हाईल. अन् अण्णांच्या कानावर ह्यातलं एक अक्षर गेलं तर बघा. ह्या घरात सहा वर्सांनी माणूस हसून राहिलंय.”

मी मोबाईल दिला. मनात म्हटलं, सतरा बुरुजांनो, माफ करा. मला रडू आलं होतं, खोटं कशाला सांगू? निम्मं अण्णांच्या चेहऱ्यासाठी होतं आणि निम्मं गडासाठी.

सोमवारी सकाळी सहाला सप्ताह बसला. पहिली वीणा अण्णांच्या गळ्यात. दोन तास ताठ उभे होते, एकदाही भिंतीला टेकले नाहीत. मी मंडपाच्या कडेला उभा राहून बघत होतो आणि त्याच वेळी मनात दर पाच मिनिटांनी नगाराही वाजत होता. आता पहिला तट पडला असेल. आता धान्य लुटलं असेल. संध्याकाळी महाराजांनी कीर्तनाला विषय कोणता घ्यावा? पाचवा नियम! “या गावच्या पत्रकात लिहिलंय, शत्रू आला तर डगमगू नये. केवढा अधिकार आहे लिहिणाऱ्याचा!” सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. आणि मी त्या क्षणी मनात माझा ईशान्येचा बुरूज मोजत होतो. लाज वाटली हो. खरंच वाटली.

माझा पहारा दुपारी बारा ते दोन. चौथ्या दिवशी, गुरुवारी, मी उभा होतो. गळ्यात वीणा, एका हाताची बोटं तारांवर आणि दुसऱ्या हातात चिपळ्या. मंडपात पंगत उठून गेलेली, पाचसात म्हातारी माणसं लवंडलेली, खांबाजवळ अण्णा बसलेले. खोटं नाही सांगत, त्या दिवशी पहिल्यांदा मला गड आठवला नव्हता. दोन तास कुठे गेले ते कळत नव्हतं. मनात आलं, अरे, पस्तीस मिनिटांची कदर करणारा गेम शोधत होतो, आणि दोन तास असे हलके कधी गेले नव्हते.

तेवढ्यात शोभा आली. पदराआड माझा मोबाईल. वीणेच्या पाया पडल्यासारखी वाकली आणि माझ्या कानाजवळ येऊन हळूच म्हणाली, “अहो, तुमच्या गडाचं सांगाया आले.”

मी डोळे मिटले. म्हटलं, पडला.

“एक बी वीट हालली न्हाई.”

मी खाडकन डोळे उघडले!

“रविवारीच मी बघितलं. सगळं वाचून काढलं.” शोभा रोज अंगणवाडीची माहिती मोबाईलवर भरते, तिला बारीक अक्षर, इंग्रजीसुद्धा, वाचायची सवय. “तिथं खाली राखाडी बटण हाय ना, त्याच्यावर लिवलंय की तुमी कामात असाल, गावाला गेला असाल, तर हे दाबा. गडाला कुलूप लागते. कोणी हात लावत न्हाई. लई दिवस ठेवा. मी दाबलं. अन् कुलूप लावलेला गड पडला असं धरत न्हाईत, त्यामुळं तुमचा तो सोन्याचा दरवाजा बी मिळते.”

माझ्या तोंडून कसंबसं निघालं, “हे… हे बटण… कवापासून?”

“पयल्या दिवसापासून. आठ महिने झाले. साहेब शेणात बसले तवा बी होतंच.”

आता कळलं? म्हणजे कागद नको होता, यादी नको होती, दत्ता नको होता, पहारा नको होता. वेळेची कदर करणारा गेम आठ महिने माझ्याच खिशात होता आणि मी रोज हिरवं बटण दाबत होतो!

मला ओरडायचं होतं. मंडपाबाहेर पळायचं होतं. निदान कपाळावर हात तरी मारून घ्यायचा होता. पण एक हात तारांवर आणि दुसऱ्यात चिपळ्या. बाजूला बघितलं, तर दोन ते चारवाल्याचा अजून पत्ता नव्हता, तो दत्ताच्या दुकानात दाढीला बसलेला. मी शोभाला काही बोलणार, एवढ्यात खांबाजवळून अण्णांची काठी जमिनीवर दोनदा वाजली.

“सुधाकर! पहाऱ्यावर बोलू न्हाई. चौथा नियम. कोणी लिवला?”

मी लिहिला होता. मी मुकाट्याने वीणेची तार छेडली आणि दत्ताच्या दुकानाच्या दिशेने बघत उभा राहिलो.